पहिल्या आणि दुसऱ्या सुईच्या मध्ये

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक माननीय गोटीराम बोरस्ते सर. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे त्वचेचे डॉक्टर महेश धात्रक सर. उद्यापासून दवाखाना ज्या चालवणार त्या डॉक्टर आरोही मॅडम. व्यासपीठावरची इतर मानाची मंडळी आणि समोर बसलेल्या माझ्या ताई-दादांनो, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

मी चंद्रभागा पुंजा मोगल. मूळची निफाडकडची. गंगापूर रोडवरच्या सरांच्या दवाखान्यात अकरा वर्षं मदतनीस आहे. कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव सगळ्यात शेवटी, चहाच्या आधी आहे. आरोही मॅडमनी मघाशी कानात सांगितलं, "मावशी, दोनच मिनिटं. आणि गोड बोला हं." मॅडम, दोन मिनिटांत होणार नाही. गोड होईल की नाही, तेही ठाऊक नाही. आधीच सांगून ठेवते.

माझ्या आधी जे तिघं बोलले ते सगळे शिकलेले लोक. छान बोलले. पण एक गोष्ट तिघांच्याही बोलण्यात आली. "वय झालं की हात थांबतो." "कुठं थांबावं हे सरांना कळलं." "डॉक्टरही शेवटी माणूसच." ऐकायला चांगली वाक्यं आहेत. त्यांच्या मागं काय आहे ते या सभागृहात निम्म्या लोकांना माहीत आहे. गेल्या वर्षी एका बाईची पापणी पडली आणि तेव्हापासून सरांचा हात कापतो अशी बोलवा झाली. मोबाईलवर फोटो फिरले. जुने पेशंट दुसरीकडं जायला लागले. तोंडावर कोणी बोललं नाही. आपल्याकडं तोंडावर कोण बोलतं?

सर, तुम्ही हात वर करताय ते मला दिसतंय. आज मी बसणार नाही.

थोडं आमच्या कामाबद्दल सांगते, म्हणजे पुढचं सगळ्यांना समजेल. भुवयांच्या मध्ये ज्या आठ्या पडतात त्या घालवायचं एक इंजेक्शन असतं. तिथल्या स्नायूला तीन-चार महिने झोपवायचं, एवढंच त्याचं काम. पाच जागी पाच बारीक सुया. हे औषध वेगवेगळ्या कंपन्यांचं येतं आणि प्रत्येकाचं मोजमाप वेगळं. आमच्याकडं पंधरा वर्षं एकच यायचं. त्या जुन्या औषधाचे आठ्यांसाठी पन्नास युनिट लागायचे. नवं आलं त्याचे तेवढ्याच कामाला वीस. दोन्हींना युनिटच म्हणतात, पण एकाचा आकडा दुसऱ्याला चालत नाही.

आणि सरांची एक पद्धत होती. हातमोजे घातले की ते कागदाला शिवत नसत. नजर पेशंटच्या चेहऱ्यावर. मी ट्रे घेऊन शेजारी उभी राहायची आणि आकडा मोठ्यानं बोलायची. मी बोलले की सर तेवढं औषध सिरिंजमध्ये भरायचे. चौथी शिकलेल्या बाईला हा मान त्यांनी दिला, कारण मला वाचायचा नाद आहे. वेटिंगमधली मासिकं वाचून संपली तेव्हा मी औषधांच्या खोक्यातले कागद वाचायला घेतले. इंग्रजी अक्षरं खोक्यांवरूनच शिकले. अडलं की सर सांगायचे. एकदाही हसले नाहीत.

आता शुभांगीची गोष्ट. शुभांगीला विचारूनच सांगते आहे. ती आलीय, तिसऱ्या रांगेत बसलीय. काय सांगणार ते मात्र मी तिला सांगितलेलं नाही.

शुभांगीचा नवरा गेला तेव्हा ती चौतिसाची. पाच वर्षांनी तिचं दुसरं लग्न ठरलं. ठरवलं कोणी? तिच्या पहिल्या नवऱ्याच्या सख्ख्या बहिणीनं, नवसाबाईनं. अशा नणंदा मी फार पाहिल्या नाहीत. लग्नाला अकरा दिवस असताना नवसाबाई वहिनीला घेऊन दवाखान्यात आल्या आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "डॉक्टर, हिच्या आठ्या काढा. पाच वर्षं रडून रडून पडल्यात. फोटोत लय रागीट दिसती. तिकडचे म्हणतील, बाई मारकुटी हाय."

शुभांगी हसली. म्हणाली, "ताई, आठ्या तुमच्यामुळे पडल्यात. सकाळपासून पाच साड्या बदलायला लावल्या."

सरांनी दोन्ही औषधं समोर ठेवली. जुनं हाताखालचं, पण जरा जास्त पसरतं. नवं टोचू तिथंच राहतं असं कंपनीचा माणूस सांगून गेला होता. निवड तुमची, म्हणाले. ती बावरली. तिनं सरांकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं.

"मावशी, तुम्ही कोणतं घेतलं असतं?"

खरं तर मी म्हणायला हवं होतं, पोरी, मला काय विचारतेस. पण मी म्हणाले, "नवं. पापणीकडं पसरायची भीती कमी. मी कागद वाचलाय."

सर म्हणाले, "बघा, आमच्या चंद्रभागाबाई वाचतात. कंपनीवाला नाही वाचत."

शुभांगीनं नवंच घेतलं. मला काय वाटलं असेल? छाती भरून आली होती. नवऱ्याच्या माघारी माझं कौतुक करणारं माणूस उरलं नव्हतं. अशा भरल्या छातीनं मी ट्रे उचलला, सर म्हणाले "बोला", आणि मी बोलले, "पन्नास."

पंधरा वर्षांचा जुना तक्ता ट्रेमध्ये होता. दहा वर्षं रोज तोंडात बसलेला आकडा होता. वीस लिहिलेला कागद माझ्या खिशात होता.

सरांनी पन्नास भरलं. पहिली सुई भुवयांच्या बरोबर मध्ये गेली.

आणि त्याच क्षणी मला कळलं. कसं कळलं तेही सांगते. आमच्याकडं द्राक्षाचे घड फुगायला बायका ते औषधाच्या पाण्यात बुडवतात. मी वीस वर्षं ते काम केलं. एका साली माझ्या मालकांनी, म्हणजे पुंजांनी, दुसऱ्या कंपनीची पुडी आणली आणि मी जुन्या मापानं पाणी कालवलं. दोन ओळींचे घड वाया गेले. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अगं, नवी पुडी आली की मागचं माप इसरायचं. पुडीवरचं वाचायचं." ते जाऊन बारा वर्षं झाली. सुई आत गेली आणि त्यांचा आवाज जसाच्या तसा कानात आला.

ताई-दादांनो, त्या वेळी मी "थांबा" म्हणायला हवं होतं. मी म्हणाले नाही.

का? नवसाबाई समोर बसल्या होत्या. आताच माझं कौतुक झालं होतं. वाटलं, आपलीच चूक असेल तर? वाटलं, कागद वाचते म्हणून मिरवली आणि आकडा चुकला, असं हसतील. वाटलं, सरांच्या लक्षात येईल. माणूस किती थोड्या वेळात किती कारणं गोळा करतं! सरांनी कापूस दाबला, सुई उचलली आणि डाव्या भुवईत दुसरी सुई दिली. तेवढा वेळ मी गप्प होते. मग माझा ट्रे वाजायला लागला, हात इतका कापत होता. सरांनी वर पाहिलं, तेव्हा तोंडातून निघालं, "सर, आकडा जुना."

सगळं थांबलं. सरांनी सिरिंज खाली ठेवली. मी पुढं बोलणार तोच ते शुभांगीला म्हणाले, "औषध जास्त गेलंय. दोन जागी. माझ्या हातून."

नवसाबाई उठल्या. "म्हंजी काय व्हईल? डोळा जाईल का तिचा?"

"डोळा जाणार नाही. पापणी खाली येऊ शकते. काही आठवड्यांनी आपोआप उठेल. पण लग्नापर्यंत नाही."

सहाव्या दिवशी डावी पापणी निम्मी खाली आली. सर एक दिवसाआड तिच्या घरी जायचे, डोळ्यात थेंब घालायचे. थोडी उठायची, पुन्हा पडायची. लग्नात तिनं तशाच डोळ्यानं हार घातला. तिकडच्या बायका कुजबुजल्या, विधवेचं लग्न, असंच व्हायचं. सात आठवड्यांनी डोळा नीट झाला. पण लग्नाचे फोटो आहेत तसेच राहिले. नवसाबाई आमच्या वेटिंगमध्ये येऊन दहा जणांसमोर ओरडून गेल्या, "म्हाताऱ्याचा हात कापतो आन् सुया धरतोय!" त्यांचं काय चुकलं? त्यांना जे सांगितलं होतं तेच त्या बोलल्या.

मी सरांना म्हणाले होते, मी सांगते सगळ्यांना. ते म्हणाले, "सिरिंज माझ्या हातात होती. बाटली मीही वाचायला हवी होती. तुम्ही सांगितलंत तर लोक म्हणतील, डॉक्टरनं बाईवर ढकललं. गप्प राहायचं." मी गप्प राहिले. मला ते सोयीचंही होतं. बाहेर दुसरं काम कोण देणार होतं मला, या वयात? वर्षभर सरांसमोर चहा ठेवला आणि रिकाम्या खुर्च्या पुसल्या.

ही चिठ्ठी आली बघा. "आवरतं घ्यावे." वाचली. आवरते.

हे अर्धं सत्य आहे असं सर म्हणतील. बाटली आपण वाचायला हवी होती, असं आता इथून उठूनही सांगतील. सांगू देत. पण त्यांचा हात त्या दिवशी कापत नव्हता. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, मला दिसत होतं. कापत होता तो माझा. आज ते या सभागृहातून बाहेर पडतील तेव्हा म्हातारा हात म्हणून त्यांना कोणी निरोप देऊ नये, एवढ्यासाठी मी इथं उभी आहे. आरोही मॅडम, उद्या मला कामावर ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी रागावणार नाही.

अध्यक्ष सरांनी वेळ दिला, मंडळींनी ऐकून घेतलं, ज्यांनी खुर्च्या मांडल्या आणि चहा केला त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. शेवटी बोलण्यातल्या चुकांची माफी मागायची रीत आहे. माझ्या बोलण्यात आज काही चुकलं असेल असं मला वाटत नाही.

शुभांगी, मी तुझी माफी मागते. पन्नास म्हणाले त्याची, आणि त्यानंतर गप्प बसले त्याची. दुसरी सुई मला थांबवता आली असती. नवसाबाईंना हे घरी गेल्यावर तूच सांग. आणि मला उत्तर आजच द्यायला हवं असं काही नाही.

नमस्कार.