ज्वारीच्या दाण्याएवढा मणी

नाद म्हणून सोनं हुडकणाऱ्या आमा तिघांत सोन्यातलं कळायचं ते एकट्या आण्णांना. मी एसटीत कंडक्टर होतो, आन सुभेदार फौजेतनं रिटायर झालेले. आण्णांनी मात्र तीस वर्षं मदुरेत गलाईचं दुकान चालवलं, जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं.

रविवार आला की आमी पाट्या घेऊन कृष्णेची वाळू धुवायचो. दोन वर्षांत कायबी गावलं न्हाई. मग एकदा सुभेदारांच्या पाटीत ज्वारीच्या दाण्याएवढा पिवळा मणी चमकला. सुभेदार नाचायलाच लागले.

आण्णांनी चष्मा लावून तो तळहातावर फिरवला. म्हणाले, "नदीचं सोनं झिजून चपटं होतं. हे गोल हाय. हे आगीत वितळलंय."

वरच्या अंगाला आमच्या गावाचं स्मशान. मयताच्या तोंडात सोन्याचा तुकडा ठेवायची आमच्याकडं रीत, आन राख त्याच पाण्यात सोडायची. आण्णांच्या थोरल्या लेकाला जाऊन तवा वरीस झालेलं.

सुभेदार हळूच म्हणाले, "आवं आण्णा, ते त्याचंच कशावरनं?"

आण्णांनी मणी खिशात ठेवला आन घरी गेले. मला वाटलं, आता हे नदीवर येत न्हाईत.

पुढच्या रविवारी बघतो तर आमच्या आधी येऊन गुडघाभर पाण्यात उभे. मी म्हणलं, "आण्णा, गावलं की तुमाला. आता आणि काय हुडकताय?"

वाळू धूत धूतच म्हणाले, "तुकडे मी दोन ठेवलेले रं."