मेव्हण्याचं ऑटोमॅटिक घड्याळ

आमच्या मेव्हण्याचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना हाय की, त्यानं तीन महिने व्हिडिओ बघून पाऊण लाखाचं ऑटोमॅटिक घड्याळ घेतलं. "सेल लागत न्हाई दाजी, हात हलला की चालतंय!"

चार दिवसांत बंद पडलं. तणतणत दुकानात गेला. दुकानदारानं शांतपणे विचारलं, "दिवसभर काम काय करता?"

"काम? मालक हाय मी!"

"मग घड्याळात दोष न्हाई."

आता ते घड्याळ दिवसभर माग चालवणाऱ्या नागप्पाच्या मनगटावर असतंय. मोबाईलमध्ये वेळ बघणं मेव्हण्याला कमीपणाचं वाटतंय, एवढं भारी घड्याळ घेतलंय ना! खुर्चीतनंच ओरडतोय, "नागप्पा, किती वाजले?"

तवापासनं त्या कारखान्यात सुट्टीचे सहा लई लवकर वाजतात.