कोपऱ्यातला मका

माझं माहेर जयगडच्या खाडीकडचं आणि सासर हे असं आत, डोंगराच्या बाजूचं. लगीन झालं तेवा आमचे हे मुंबैला कंपनीत व्हते, मी इथं सासूसासऱ्यांजवळ, आणि काय सांगू तुमाला, संसार तसाच झाला, हे गणपतीला येनार, शिमग्याला येनार, पिशव्या भरून परत जानार. पोरगा मोठा झाला तोपन मुंबैला गेला, सासूसासरे गेले, आणि मी एकटी भात लावतेय, कापतेय, कुळीथ पेरतेय. सवय व्हते मानसाला. पन आवडायचं न्हाय हो, खोटं कशाला बोलू.

मंग हे रिटायर झाले नि गावाला आले. मला वाटलं, चला, आता जोडीनं जेवू. तर थोडे दिवस गेले नि मानूस ओटीवर येरझाऱ्या घालाय लागलं. रेंज न्हाय, पेपर दुपारी येतो, बोलाय कोन न्हाय. मी बोलले, मी हाय ना. तर बोलले, तू सदानकदा शेतात. पोरगा विरारवरनं रोज फोन करी, बाबा इकडंच या ऱ्हायला. हे बोलले, दिवाळी झाली की जातो.

ह्यांना मुंबैत तो कपातला गोड मका खायची भारी सवय. मी बोलले, बाजारातनं त्याचं बी आना, आपन लावू, कनसं खावा नि मंग जा. एवढंच डोकं चालवलं मी.

आमच्याकडं पावसात मका लावून उपेग न्हाय, पानी साचतं नि मूळ कुजतं. भात निघालं, जमिनीत वल हाय, सकाळचा गारवा पडाय लागला, की लावायचा. मी शेनखत घालून जमीन भुसभुशीत केली. लावायची हौस ह्यांची. कुंपनाच्या कडेनं एकच रांग, दोरी धरून, शाळेतल्या पोरांसारखी सरळ. उरलेलं बी विहिरीकडच्या कोपऱ्यात दाट टोचून टाकलं. मी भातातली, मला मक्यातलं काय कळतं. मंग वांदर आले की हे लुंगी सावरत डबा वाजवत धावायचे, सगळी वाडी हसायची, मीपन हसायची.

कनसाचे केस सुकून काळे पडले तेवा ह्यांनी रांगेतलं पयलं कनीस सोललं. तर चार दाने इकडं, दोन तिकडं, मधी सगळं बोडकं. दुसरं तसंच. अख्खी रांग तशीच. हे बोलले, बघ, मला गावातलं काय जमायचं न्हाय, मी आपला पोराकडं जातो. नि खरंच माळ्यावरची बॅग खाली काढली हो.

मला रडू आवरेना, मी विहिरीवर गेले. तिथं कोपऱ्यातलं एक कनीस उगाच सोललं, तर गच्च भरलेलं, नख लावलं तर दूध उडालं. मी हाक मारली, अवो, इकडं या आधी. आले, कनसाकडं बघत ऱ्हायले, वर तुऱ्यांकडं बघत ऱ्हायले. मंग बोलले, तुऱ्याची धूळ खालच्या केसांवर पडली तरच दाना भरतो गो, रांगेतली वाऱ्यानं उडून गेली, इथं दाटीत एकामेकावर पडली. नि मंग बोलले, पुढल्या वर्षी चौकोनात लावू. पुढल्या वर्षी! मी पदर तोंडाला लावला, ह्यांना वाटलं खोकला आला.

आता भात कापलं की शेजारी शेजारी चार रांगा असतात, झाडाला मातीची भर, तुरा आला की पानी तोडायचं न्हाय. कनसं तर हे चुलीवर पानी उकळाय लागल्यावर तोडाय जातात, तोडून ठेवलं की गोडी जाते बोलतात. पोरानं फोन केलान तर सांगतात, तूच ये, मला टाइम न्हाय.

डोक्याचे केस पांढरे झाले नि आमचा संसार आता सुरू झाला, हसाय काय झालं? एवढी वर्षं एक ताट घेऊन जेवाय बसले मी, आता रोज दोन घेते. तुमच्यापन घरात असंच व्हवू दे, आनि काय मागू.