कोबाल्टचा क्षय आणि माझं वेगळं ताट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय डॉक्टर नाथाजीराव देशमाने, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, ज्यांच्या गळ्यात हार शोभतो आहे ते सत्कारमूर्ती इमामसाहेब मुलाणी, त्यांच्या पत्नी मेहरुनबी, सिस्टर मंडळी, आणि माझ्यासारख्याच या हॉस्पिटलातून बरे होऊन घरी गेलेल्या बंधुभगिनींनो,

मी रंगूबाई, कडेगावच्या प्राथमिक शाळेतली शिक्षिका. मला ‘दोन शब्द बोला’ म्हणून सांगितलंय. चौथीचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईचं दोन शब्दांत भागतं होय? मला कॅन्सर झाला होता. गळ्यात गाठ होती. हा शब्द मी मोठ्यानं म्हणते, कारण तो उच्चारल्यानं कुणी मरत नाही. गाठ गेली, मी उभी आहे, आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतोय ना?

गाठ घालवली ती इथल्या कोबाल्टच्या यंत्रानं. आपण त्याला शेक म्हणतो, पण त्यात विस्तव नसतो. शिशाच्या जाड कवचात कोबाल्टचा एवढासा तुकडा असतो, बस्स. साधा कोबाल्ट गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण अणुभट्टीत त्याच्या अणूच्या पोटात एक न्यूट्रॉन जादा शिरतो आणि सगळी घडी बिघडते. मग कधीतरी आतला एक न्यूट्रॉन प्रोटॉन बनतो, एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो आणि जादा झालेली शक्ती गॅमा किरण होऊन निघते. हेच किरण गाठीला मारतात. आणि कोबाल्टचं काय? तो निकेल होतो. लग्नात आमचं नाव बदलतं तसं, फक्त त्याला कुणी उखाणा घ्यायला लावत नाही. कुठला अणू कधी बदलेल हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. लाह्या भाजताना कुठला दाणा आधी उडेल हे सांगता येतं का? तसंच हे, पण इथं खाली जाळसुद्धा नसतो.

हे सगळं मला शिकवलं ते यंत्र चालवणाऱ्या इमामसाहेबांनी, बाहेरच्या बाकावर. साहेब बी.एस्सी. झालेले, मुंबईला जाऊन यंत्राचं शिक्षण घेतलेले, आणि शुद्ध मराठीचा भलता सोस! एके दिवशी हात वर करून म्हणाले, “किरणोत्सारी मूलद्रव्याचा निरंतर क्षय होत असतो!” माझ्या शेजारी माझा चुलतदीर धुळा बसला होता. त्याला त्या वाक्यातला एकच शब्द कळला.

आपल्याकडं क्षय म्हणजे काय, हे का मी सांगायला हवं? खोकला, रक्त, आणि माणसाचं ताट-तांब्या वेगळा. शेक पुरा करून मी एस.टी.तून उतरले, तोवर गावभर झालं होतं, “सांगलीच्या मशीनला क्षय झालाय, आन् रंगूबाई तिच्याखाली निजून आलीया!” घरी आले तर पडवीत माझं ताट वेगळं मांडलेलं. माझी मनू तेव्हा नुकती चालायला लागली होती. ती दुडूदुडू आली, आणि सासूबाईंनी तिला वरच्यावर उचलून आत नेलं.

मी काय कमी भांडले? फळ्यावर लिहावं तसं समजावलं. सासूबाई रडत म्हणायच्या, “माजी थोरली लेक ह्याच क्षयानं गेली, रंगू. पोरीला तरी जपू दे.” आता अशा माणसावर रागवायचं कसं? तरी मी रोज रागवायचे. आत पोर रडायची, बाहेर मी.

पुढं तपासणीला आले तेव्हा सासूबाई सोबत होत्या. मी बाकावर माझ्या वेगळ्या ताटात भाकरी खात होते. साहेब समोर दिसताच सासूबाईंनी पदर सावरला आणि सरळ विचारलं, “आवं सायेब, तुमच्या मशीनला क्षय हाय म्हनं. खरं सांगा, माज्या सुनंला लागला का न्हाई?”

साहेब खो खो हसले. मग माझ्याकडं बघितलं आणि हसू गिळलं.

“काकू, माझा शब्द चुकला. क्षय म्हणजे झिजणं हो.” त्यांनी माझ्या ताटातली भाकरी उचलून मोडली. “सव्वापाच वर्षांत कोबाल्ट असा अर्धा होतो. आणखी सव्वापाच वर्षांत उरलेल्याचा अर्धा.”

“म्हंजी भाकरी संपायचीच न्हाई? लय बरकतीचं हाय की!”

“बरकत कसली! शक्ती कमी होत जाते, म्हणून माणसाला यंत्राखाली जास्त वेळ झोपवावं लागतं.”

“ते ऱ्हाऊ द्या. हिच्या अंगात काय ऱ्हायलं?”

“काहीच नाही. कोबाल्ट यंत्रातच असतो, किरण तेवढे अंगातून जातात. झडप लावली की संपलं.”

“कंदील इजवल्यावर उजेड अंगाला चिकटून ऱ्हात न्हाई, तसं?”

“अगदी तसं.”

सासूबाईंनी माझ्या ताटाकडं बोट केलं. मग म्हणाल्या, “बोलायला काय जातंय? हिच्या उष्ट्यात जेवाल?”

साहेब माझ्या शेजारी बसले. माझ्या ताटातल्या खर्ड्याला भाकरी लावली आणि खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं, पण माघार नाही. सासूबाईंनी ते शेवटपर्यंत बघितलं. मग स्वतः त्याच ताटात हात घातला आणि उरलेला तुकडा तोंडात टाकला. त्या दिवशी घरी पोचल्यावर त्यांनी मनूला माझ्या मांडीवर आणून टाकलं. “घे तुजी लेक. सांबाळून दमले मी.” मला त्या पोरीला किती घट्ट धरू असं झालं होतं.

दुष्काळाच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. आता मनू शाळेत जाते. यंत्रातला जुना कोबाल्ट निम्मा निकेल झाला, तो याच महिन्यात बदलतोय, आणि साहेब निवृत्त होताहेत. साहेब, तुम्ही मात्र आहे तस्से आहात, सोसासकट. आम्हाला आमच्या घरच्या माणसांत परत बसवलंत, हे उपकार आम्ही विसरणार नाही.

अध्यक्षमहाराजांनी मला बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, मी आपली मनापासून आभारी आहे. एखादा शब्द वावगा गेला असेल तर पोटात घाला. शब्द चुकला की काय होतं, हे साहेबांना चांगलं ठाऊक आहे.

आणि एक राहिलं. समोर सासूबाई चंद्राबाई बसल्यात. साहेबांना पेढे त्याच देणार आहेत. मला ते माझ्या त्या वेगळ्या ताटातच आणायचे होते. काल मांडणीवरची सगळी ताटं खाली काढली, मी बघितलं, सासूबाईंनी बघितलं, दोघींनाही ते ओळखता येईना. मग हाताला आलं ते घेऊन आलो.