गोंदणाचं पत्र

चामोर्शीच्या बसथांब्यावर हेमराजच्या मागं बसलेल्या मायलेकींची हळू आवाजात जुंपली होती.

"भरतीच्या मेडिकलात हातावरच्या गोंदणानं अडवलं मले, माय. मिलिटरीत चालत नाई म्हने."

"आदिवासीले सूट असते ना?"

"असते. पन हा आपला रिवाज होय, असं सरपंचाचं पत्र लागते. त्याच्यामागं कोन फिरन? चंद्रपुरात मशीननं पुसून देतेत."

"पुसू नोको बाई. मेल्यावर सोनं इथीच राह्यते, गोंदण संगं जाते."

"मी काय मराले चालली का?"

"नाई वो. पन तिकडून कधी पेटीत आनलं तुले, तं मी कशावरून ओळखू?"

चंद्रपूरची बस लागली. हेमराज उठला, त्या दोघी उठल्या नाहीत.

"माय, सरपंच आत्ता घरी असन का?"