बिनसुईची तबकडी

मंडळी, बसून घ्या. मागं उभं ऱ्हायलेल्यांनी बी पुढं या, जागा हाय. एवढी माणसं गोळा झालीयात आन मला या माईकम्होरं उभं केलंय. गायला सांगा, सांजपातूर गाईन. पर बोलायची मला सवय न्हाई. तरी आज बोलाय पायजे. तातोबा गेलं. मुदतीच्या तापानं धडधाकट माणूस बघता बघता गेला.

मी कुंडलची अंजना. उंब्रजकरांनो, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माझं गाणं ऐकलंय. तातोबा नसतं तर ऐकलं नसतं. त्येच सांगाय आलेय. आन रडत सांगणार न्हाई. त्यांस्नी रडकं बोलणं खपत नव्हतं. माईकमंदी रडलं की कर्णा फाटतो, म्हणायचं.

तुमास्नी ठावं हायच, पलटणीत त्येनी वायरलेसचं काम केल्यालं. लढाई संपली, घरी आलं, आन कर्ण्याचा धंदा काढला. लगीन असो, जत्रा असो, कुस्त्यांचं मैदान असो, मोटारीच्या बॅटरीवर त्येंचं आवाज वाढवायचं मशीन चालायचं. आन बढाई किती! कोरेगावात कर्णा बांधला की म्हणायचं, "माझा आवाज साताऱ्यापातूर जातोय." जात नव्हता हो. पर त्येंच्या तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती.

येका साली आमच्या कुंडलच्या जत्रंत मला गायचं व्हतं. माझा आवाज खालचा, भरल्याला. पंच म्हणालं, "बाई घोगरं गाती. त्यापरास तबकड्या लावा." आण्णा, तुमी पुढंच बसलायसा म्हणून नाव घेते. तुमीच म्हणाला व्हतासा. मान खाली घालू नगासा, आवं, आज तातोबांचा दिस हाय.

मी घरी आले, पेटी फडक्यात बांधली आन भावाला म्हटलं, "टाक माळ्यावर. आता गाणं न्हाई." खरंच सोडणार व्हते. आपल्याच गावाला आपला आवाज नगं, तर गायचं कुणासाठी?

तातोबा तबकड्या वाजवाय गावात आल्यालं. त्यांस्नी ह्ये कळलं. पेटी खाली काढाय लावली आन आमा दोघा भावाबहिणीला मळ्यात नेलं. म्हणालं, "गा."

त्येंच्याजवळ दोन कर्णं व्हतं. येक नवा, पुण्याहून आणल्याला, आरशावाणी चकचकीत. दुसरा जुना, पोचा आल्याला. आदी नवा जोडला. मी गायले, आन माझं मलाच ऐकवंना. पत्र्याच्या डब्यात बसून कुणी ओरडतंय असं वाटलं. मग जुना जोडला. मला म्हणालं, "माईकपास्नं हातभर मागं सर." मी सरले, गायले. माझा भाऊ पेटी वाजवायचा थांबला, माझ्याकडं बघतच ऱ्हायला.

म्या म्हटलं, "आवं, पर ह्यो तर पोचलेला हाय!"

"पोचला तर पोचला. तगडा बैल आन हलका बैल येका जुवाला जुपून बघ, काय हुतंय. नवा कर्णा तगडा, माझं मशीन जुनं. त्येची जोडीच जमत न्हाई. ह्येची जमती. आन तुझ्या आवाजाची बी ह्येच्यासंगंच जमती."

"मग ह्योच लावा की जत्रंत."

तातोबा हसलं. "लावला की लोक म्हणत्याल, मोडका कर्णा आन घोगरी बाई. पोरी, लोकाचा कान बी डोळ्यासंगं त्याच जुवाला बांधल्याला असतो. त्येची जोडी जमवाय नगं का?"

मग त्येनी बेत सांगितला. मी कनातीमागं गायचं. लोकाला वाटू द्यायचं, तबकडी वाजतीय. मला लय राग आला. माझं गाणं, आन नाव तबकडीचं? म्या सांगितलं, गाणार न्हाई.

"आदी कान उघडू देत," म्हणालं, "मग डोळं म्या उघडतो. तातोबाचा शब्द हाय."

जत्रंदिवशी नवा कर्णा पुढच्या खांबावर, त्येच्या गळ्यात झेंडूचा हार. जुना मागं चिंचंच्या झाडात. टेबलावर ग्रामोफोन. तातोबांनी चावी दिली, तबकडी फिराय लागली, त्येनी दांडा अलगद वर ठेवला. सुई काढल्याली व्हती, कुणाला दिसलं न्हाई. कनातीमागं भावानं सूर धरला आन मी देवीचं गाणं म्हटलं.

मी फटीतनं बघत व्हते, मंडळी. पाळण्याकडं निघाल्याली माणसं माघारी वळली. बाया पोरास्नी गप करत व्हत्या. आन आण्णा, तुमी मांडीवर ताल धरला व्हता! मोठ्यांदा म्हणालासा, "ह्येला म्हणत्यात आवाज! आन कर्णा बगा, नव्याची करामत!" तोच आवाज, तेच आण्णा. आदल्या दिवशी घोगरा व्हता.

मला हसाय बी येत व्हतं, रडाय बी. मनात येकच धाकधूक, तातोबा शब्द पाळत्याल का? का तबकडीच्या नावानंच ह्ये सगळं जाणार?

गाणं आर्ध्यात आलं. तातोबा टेबलापाशी गेलं, दांडा बाजूला केला, फिरती तबकडी दोन्ही हातांनी उचलली आन डोक्यावर धरली. पैलवान गदा धरतो तशी.

आन गाणं चालूच!

सगळी जत्रा खांबावरच्या कर्ण्याकडं बघाय लागली. मग तातोबांनी कनात वढली. मी तिथं उभी. डोळं मिटून घेतलं आन गात ऱ्हायले. थांबले न्हाई. का थांबू? कडव्यावर कडवं म्हटलं. आन मग जी आरोळी उठली मंडळी, जो फेट्यांचा पाऊस पडला, ती आरोळी खरंच साताऱ्यापातूर गेली असंल!

आण्णा तरी हार मानंनात. म्हणालं, "न्हाई पर, नव्या कर्ण्यानं सुधारली बाई." तातोबांनी गपचूप खांबावरनं तार सोडली आन आण्णांच्या हातात दिली. तारंचं दुसरं टोक कशालाच जोडल्यालं नव्हतं. आण्णा, तुमीच आदी हसलासा. आन माझ्या डोक्यावर हात ठिवून म्हणालासा, "फुडच्या साली तूच." त्ये बी सांगाय पायजे.

त्यानंतर मी कवा गाणं सोडायचं नाव काढलं न्हाई. सांगलीत गायले, कराडात गायले. दर येळंला तातोबा आदी यायचं, हातभर मागं सरकवायचं, आन म्हणायचं, "आता लोकाच्या कानाचं मी बघतो."

वैनी, तुमी तातोबांची कारभारीण, त्येंच्यामागं ह्यो धंदा इकणार न्हाई म्हणालासा. आज सकाळी या मशीनच्या तारा वैनींनी सोता जोडल्यात, मंडळी. माझा आवाज तुमास्नी नीट येतोय न्हवं? वर झाडात बगा. त्योच पोचलेला कर्णा हाय.

आता समदी उठून उभी ऱ्हावा. टेबलावर त्योच ग्रामोफोन हाय. वैनी, चावी द्या. सुई लावू नगासा. तबकडी फिरंल तवर कुणी बोलायचं न्हाई, तातोबांस्नी मनात आणायचं. चावी उतरंल, तबकडी थांबंल. थांबली म्हणून कुणी खाली बसू नका, गाणं तवाच सुरू हुईल.

भावानं सूर धरलाय. मी हातभर मागं सरतेय.