कुंडीच्या तळाची चिकटपट्टी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप देताना जीभ जड होते आहे त्या आमच्या विज्ञानाच्या बाई, सहकारी, पालक आणि आजी-माजी विद्यार्थिनींनो,

मला दोन मिनिटं दिली आहेत. शिक्षकांची दोन मिनिटं किती लांबतात, हे आपण जाणताच.

बाईंची पाठाची वही ज्यांनी पाहिली नाही, त्यांना सांगते. पानाच्या उजव्या टोकाला एक चौकट: काय झालं? तिच्याकडे येणारे बाण, आणि बाणांच्या मागे कारणांच्या चौकटी. त्या मात्र रिकाम्या. मुलींनी शोधून, तपासून भरायच्या. मी तेव्हा नवीन होते, अंगात हुशारी उतू जात होती. मी कशाला चौकट रिकामी ठेवतेय?

वर्गातल्या कुंडीतलं रोप मेलं, तेव्हा मी फळ्यावर कारण लिहूनच टाकलं: पाणी घातलं नाही. पुढे त्या आठवड्यात पाणी घालायची पाळी असलेल्या मुलीचं नाव. ती म्हणाली, "रोज घातलं हो, मॅडम." मी ऐकून घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत येईना.

बाई तिच्या घरी गेल्या, हाताला धरून तिला घेऊन आल्या. आधी फळ्यावरचं नाव पुसलं. मला हळूच म्हणाल्या, "कशामुळे, ते शोधू या. कोणामुळे विचारलं, की मुली गप्प होतात." मग वर्तमानपत्रावर कुंडी उपडी केली. मातीचा चिखल, मुळं कुजलेली. पाणी कमी कुठलं, जास्तच साचलेलं! मग ते वाहून का गेलं नाही? मुलींनीच कुंडीचा तळ पाहिला. भोकावर चिकटपट्टी होती. त्याच मुलीने चौकट भरली: भोक बंद होतं.

कोणीतरी विचारलं, "पट्टी कोणी लावली?" बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "नव्या कुंडीचं भोक आधी तपासा हं."

बाई, तुम्हाला माहीत होतं ना? तसली रुंद तपकिरी पट्टी फक्त माझ्या टेबलावर असायची. कुंडीखालच्या कपाटावर डाग पडू नयेत म्हणून ते भोक मीच बुजवलं होतं. त्या दिवशी तुम्ही माझी लाज राखलीत, आणि मी अठरा वर्षं अवाक्षर काढलं नाही.

ती मुलगी आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. आता स्वतः शिकवते. बाळा, पट्टी मी लावली होती. तुझी काही चूक नव्हती.

आयोजकांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल, तर आपण सांभाळून घ्यालच. क्षमा मात्र मी आज फक्त तिची मागते.